आमच्या दुकानाच्या नावाची खोटी वेबसाइट निघाली, तेव्हा सायबर पोलिसांनी काय काय बघितलं

कोल्हापुरात चप्पल लाइनला आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, आजोबांनी सुरू केलेलं. गल्ल्यावर आण्णा बसतात आणि ऑनलाइनचं सगळं मी बघते, म्हणजे इन्स्टा, आमची साधीशी वेबसाइट, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, कुरियर. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्यावरनं देशभर जो गदारोळ झाला, त्यानंतर बाहेरगावच्या चौकश्या एकदम वाढल्या. चांगलंच झालं, पण जिथं गिऱ्हाईक वाढतं तिथं भामटेही पोचतात.

दिवाळीच्या तोंडावर नाशिकवरनं एका शिक्षिका बाईंचा फोन आला, पैसे भरून किती दिवस झाले, पार्सल कधी येणार म्हणून. ऑर्डर नंबर विचारला तर आमच्याकडं तसले नंबरच नसतात. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला आणि माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या दुकानाचं नाव, आमचा लोगो, आण्णांचा दुकानात बसलेला फोटो, आमच्याच चपला, आणि किंमत ४९९ रुपये. हाताने शिवलेली कापशी चप्पल ४९९ ला? तेवढ्यात धड चामडंही येत नाही. मग ठाण्याचा एक मुलगा, पुण्याच्या दोघी, असे फोन येत राहिले, आणि एक कुटुंब तर अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं ते थेट दुकानातच येऊन भांडायला लागलं. आण्णा त्यांना हात जोडून सांगत होते की ओ, ती साइट आमची नाही. पन्नास वर्षं ज्या माणसाने एका गिऱ्हाईकाचा रुपया ठेवून घेतला नाही त्याला भर दुकानात चोर म्हणलेलं मी ऐकलं, त्यामुळं हे सगळं लिहिताना अजूनही माझा राग गेलेला नाही हे आधीच सांगते.

पण मला लिहायचंय ते तपासाबद्दल. सायबर पोलिस म्हणलं की लोकांना वाटतं तिथं काहीतरी हॅकिंग चालत असेल, नंबर टाकला की नकाशावर लाल ठिपका येत असेल. मी जे बघितलं ते वेगळंच होतं. तपासाचा निम्म्याहून जास्त भाग हा तुम्हाला मला कुणालाही उघडता येतील अशी पानं वाचण्याचा होता, फक्त ती कुठल्या क्रमाने वाचायची, काय जपून ठेवायचं आणि कशावर किती विश्वास ठेवायचा ह्याला शिस्त होती. ती शिस्त मला फार महत्त्वाची वाटली.

पहिल्यांदा गेले तेव्हा आमची तक्रार ऐकून घ्यायच्या आधीच पीएसआय मॅडमनी विचारलं, ज्यांचे पैसे गेलेत त्यातल्या कुणी १९३० ला फोन केलाय का? कुणीच केला नव्हता, सगळे आमच्याशी भांडत बसले होते. मॅडम म्हणल्या, "ताई, तुमची फिर्याद आपण घेऊच, पण आधी त्यांना फोन लावा. पैसा थांबत नसतोय." मी तिथंच बाकावर बसून एकेकाला फोन लावले. ही १९३० ची लाइन केंद्रीय गृहखात्याच्या आय फोर सी ह्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची, तिच्यामागची यंत्रणा २०२१ पासून चालू आहे, तुम्ही सांगितलेला व्यवहार नंबर थेट बँकांकडं जातो आणि समोरच्या खात्यात रक्कम शिल्लक असली तर तिच्यावर होल्ड लागतो. पैसे पुढच्या खात्यात गेले असतील तर तिथं, तिथनं गेले असतील तर त्याच्या पुढं. ठाण्याच्या मुलाने त्याच दिवशी सकाळी पैसे भरले होते, त्याचे सापडले. नाशिकच्या बाईंच्या रकमेचा थोडासाच भाग एका मधल्या खात्यात अडकला. बाकीच्यांचं एटीएममधनं निघून गेलं होतं.

तोपर्यंत इकडं चप्पल लाइनच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर वेगळंच सुरू झालेलं. सगळ्यांनी मिळून ते पेज रिपोर्ट करायचं, शंभर जणांनी केलं की उडतंय, असं ठरत होतं. काकांनी तर पाहुण्यांच्या ग्रुपवर पण टाकलं. मी मॅडमना कौतुकाने सांगितलं तर त्या खुर्चीतनं उठल्याच. "थांबवा त्यांना आधी. पेज उडालं तर मी काय बघू?"

ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्याला वाटतं खोटं पेज बंद झालं म्हणजे काम झालं. पण ज्याने ते काढलंय तो दुसऱ्या नावाने तासाभरात दुसरं काढतो आणि आपल्या हातात राहतो नुसता एक स्क्रीनशॉट, ज्यात लिंकही नीट दिसत नाही. हवालदारांनी मला त्यांच्या स्क्रीनवर दाखवलं. इन्स्टाच्या खात्याचं नाव बदलता येतं, पण त्याच्यामागं एक आकडी आयडी असतो तो बदलत नाही. उद्या हेच खातं 'कोल्हापुरी' काढून 'जयपुरी' झालं तरी आयडी तोच. तो आयडी त्यांनी पहिल्यांदा लिहून घेतला. मग 'या खात्याबद्दल' उघडलं, तिथं खातं कधी काढलं आणि आधी किती वेळा नाव बदललं ते दिसतं. मग फेसबुकची ॲड लायब्ररी, जी कुणालाही उघडता येते आणि ज्यात चालू असलेल्या जाहिराती दिसतात. ह्यांची जाहिरात चालू होती, आण्णांच्या फोटोसकट. आणि इथंच खरी गोम होती. आपल्याकडं असली साधी व्यापारी जाहिरात चालू आहे तोवरच तिथं दिसते, बंद झाली की तिथनं जाते. म्हणजे आमच्या ग्रुपने जोर लावून पेज पाडलं असतं तर जाहिरात कधीपासून चालू होती, कोणकोणत्या मजकुराने चालू होती, हे सगळं त्याबरोबरच गेलं असतं.

मी म्हणलं, पण मॅडम, ह्या वेळात अजून कुणी पैसे भरले तर? हा प्रश्न मी मनापासून विचारला होता आणि त्यांनीही तो उडवून लावला नाही. म्हणल्या, तोच तर पेच असतो, म्हणून आम्ही दिवस घालवत नाही, आज संध्याकाळपर्यंत सगळं उतरवून घेतो आणि लगेच पेज आणि साइट बंद करायची नोटीस पाठवतो, आणि तो यूपीआय आयडी आणि खातं तुमच्या लोकांच्या तक्रारींमुळं बँकेकडं आत्ताच गेलेलं आहे. मग आमच्या खऱ्या पेजवर मी 'अशी अशी फसवी साइट फिरतेय, पैसे भरू नका' एवढं टाकलं, लिंक न देता. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आण्णांनी स्वतः आवाज रेकॉर्ड करून पाठवला की आज संध्याकाळपर्यंत कुणी हात लावू नका. आण्णांचं ऐकतात सगळे.

उतरवून घेणं म्हणजे काय तेही बघितलं. दोन पंच बसवले, स्क्रीन रेकॉर्डिंग चालू केलं, आधी कॉम्प्युटरवरची तारीख वेळ दाखवली, मग लिंक पूर्ण दिसेल अशी टाइप केली, आणि वरपासून खालपर्यंत एकेक पान सावकाश सरकवलं. सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये, आणि प्रत्येक फाइलचा हॅश काढला. हॅश म्हणजे त्या फाइलमधनं गणिताने निघणारी अक्षरं-आकड्यांची एक लांब ओळ, फाइलमध्ये एक टिंब जरी इकडचं तिकडं झालं तरी ती ओळ पार बदलते. ती ओळ पंचनाम्यात लिहिली. म्हणजे दोन वर्षांनी कोर्टात कुणी म्हणलं की पोलिसांनी फोटोत फेरफार केला तर हॅश काढून दाखवायचा. आणि हे सगळं वेगळ्या कॉम्प्युटरवर, स्वतःच्या फोनवरनं नाही, स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून नाही, तिथं लाइक, फॉलो, मेसेज काही नाही. समोरच्याला कळता कामा नये की कुणी बघतंय.

मग वाचन सुरू झालं. आधी डोमेन. वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं, कुठल्या कंपनीमार्फत, हे हूइज शोधात कुणालाही बघता येतं. मालकाचं नाव पत्ता मात्र हल्ली बहुतेक वेळा झाकलेला असतो, युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा २०१८ मध्ये लागू झाल्यापासून. पण तारीख उघडी असते. साइटवर मोठ्या अक्षरात 'तीन पिढ्यांची परंपरा' आणि डोमेन नोंदवलेलं गणपती झाल्यानंतरचं. आमचे फोटो आमचेच आहेत हे पण दाखवावं लागणार होतं. त्याला दोन गोष्टी कामाला आल्या. एक, माझ्या जुन्या फोनमधल्या मूळ फोटो फाइली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली कॉपी चालत नाही, कारण त्यात फोटो कधी आणि कुठल्या फोनने काढला ही आतली माहिती निघून जाते, मूळ फाइलच द्यावी लागते. दुसरं, इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन, जे जगभरातल्या वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवून ठेवतं. हवालदारांनी आमच्या साइटचा पत्ता टाकला आणि आमचं काही वर्षांपूर्वीचं पान समोर आलं, तेच फोटो, आण्णांच्या मिशा तेव्हा अजून काळ्या होत्या. मला माहीतसुद्धा नव्हतं की आमचं पान कुणी जपून ठेवलंय. खोट्या साइटचं डोमेन जन्माला यायच्या कितीतरी आधी हे फोटो आमच्या पानावर होते हे तिसऱ्याच संस्थेच्या नोंदीतनं दिसत होतं.

त्यानंतर मॅडमनी एक पान उघडलं जे गिऱ्हाईक कधीच वाचत नाही. माल परत करण्याचे नियम. कारागीर चामड्याला सुरी लावायच्या आधी ते हाताने चाचपून बघतो, कुठं पातळ आहे, कुठं डाग आहे, तसं त्या एकेक ओळ वाचत होत्या. चौथ्या का पाचव्या ओळीत लिहिलेलं होतं, फॉल-पिको केलेला माल परत घेतला जाणार नाही. चपलेला फॉल-पिको! आधीच्या साडीच्या साइटवरचं पान उचलून तसंच चिकटवलेलं, बदलायचं राहून गेलेलं. मॅडमनी ते अख्खं वाक्य अवतरणचिन्हात टाकून गुगलवर शोधलं. अवतरणचिन्हात टाकलं की तेच्या तेच वाक्य असलेली पानं येतात. आल्या की साइटी. एक पैठणीची, एक चांदीच्या दागिन्यांची, एक मुलांच्या कपड्यांची.

नुसतं वाक्य सारखं म्हणजे माणूस एकच असं नसतं, वाक्य कुणीही उचलेल, हे मॅडमनीच सांगितलं. म्हणून हवालदारांनी प्रत्येक साइटचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला, पानावर उजवं क्लिक करून जो दिसतो तो, आणि त्यात मेटा पिक्सेलचा नंबर शोधला. जाहिरात बघून किती लोक साइटवर आले हे मोजायला हा पिक्सेल टाकतात आणि त्याला एक लांबलचक नंबर असतो. चपलेच्या, पैठणीच्या आणि चांदीच्या साइटवर नंबर एकच निघाला. मुलांच्या कपड्यांच्या साइटवर वेगळा, ती बाजूला ठेवली, यादीत घेतली नाही. हे मला आवडलं. जोडायचा मोह होता पण जोडली नाही.

आता फोटोचं सांगते, कारण तिथं मी पण बसले होते आणि माझ्या डोळ्यासमोर घडलं. ठाण्याच्या मुलाने 'पार्सल निघालं का' विचारल्यावर त्या भामट्याने त्याला एक फोटो पाठवला होता, खोकी रचून ठेवलेली, आज डिस्पॅच म्हणून. हा फोटो उलट्या शोधाला टाकला, म्हणजे फोटो देऊन तोच फोटो नेटवर अजून कुठं आहे ते शोधलं, गुगल लेन्स आणि अजून दोन ठिकाणी, कुठंच सापडला नाही. म्हणजे कदाचित त्यानेच काढलेला असेल, कदाचितच, न सापडणं हा काही पुरावा नसतो. मग फोटो मोठा करून बघायला घेतला. वरच्या खोक्यावर कुरियरचं लेबल, नाव पत्ता बोटाने झाकलेला, पण कोपऱ्यात पाठवणाऱ्याच्या पिनकोडचे पहिले आकडे दिसत होते. आमचा कोल्हापूरचा ४१६ ने सुरू होतो, हा ३ ने. पिनकोडचा पहिला आकडा विभाग सांगतो आणि ३ म्हणजे राजस्थान किंवा गुजरात. (ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला आणली ती श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या आपल्या मराठी माणसाने, टपाल खात्यात अधिकारी आणि संस्कृतचे कवी, हे मला शाळेपासून माहीत होतं पण ते असं कामाला येईल वाटलं नव्हतं.) खोक्यांच्या मागं अर्धं उघडं शटर आणि त्यातनं रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या बोर्डाचा तुकडा. अक्षरं पुसट. हवालदार बराच वेळ बघत बसले आणि म्हणले, "मॅडम, वर रेघ नाही हो ह्याला." आपल्या देवनागरीला वर शिरोरेघ असते, गुजरातीला नसते. राजस्थानातला बोर्ड हिंदीत असता तर रेघ आली असती. पिनकोड आणि रेघ दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते. पुढं बोर्डावरची दोन अक्षरं आणि दुकानाच्या शटरचा रंग धरून नकाशावरच्या लोकांनी टाकलेल्या फोटोंमध्ये त्यांनी ती गल्ली शोधली. कुठलं शहर ते मी इथं लिहीत नाही, तपास अजून चालू आहे. ती गल्ली जुळली तेव्हा संध्याकाळ झालेली आणि कुणी आनंदाने ओरडलं वगैरे नाही, हवालदारांनी वहीत वेळ लिहिली, चहा मागवला आणि मॅडमनी विचारलं, अजून कशाशी जुळतंय का ते बघा, एकावर जाऊ नका.

ह्याच दरम्यान एक वाईट गोष्ट होता होता राहिली. खोट्या पेजवर 'आमचे मॅनेजर' म्हणून एका तरुणाचा फोटो होता. आमच्या ओळखीतल्या एकाने तो कापून 'हाच तो चोर, दिसेल तिथं धरा' असं लिहून फॉरवर्ड करायला बनवला होता, इचलकरंजी, जयसिंगपूरपर्यंत पाठवायची तयारी. मी मॅडमना विचारायला म्हणून दाखवला. उलट्या शोधात तो फोटो दहा मिनिटांत सापडला, दुसऱ्याच राज्यातल्या एका शिंप्याच्या दुकानाच्या पेजवर, चांगला तीन-चार वर्षं जुना. म्हणजे आण्णांचा चेहरा जसा चोरला तसाच ह्या बिचाऱ्याचा पण. तो मेसेज गेला असता तर कुठंतरी त्या पोराला लोकांनी धरून मारलं असतं. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला व्हॉट्सॲपवरच्या अफवेवरनं पाच निरपराध माणसं जमावाने ठेचून मारली, ते आपण महाराष्ट्रात बघितलेलं आहे. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा चिडलेल्या दिसल्या. म्हणल्या, उघड्यावर माहिती शोधणं अवघड नाही ताई, सापडलेलं नाव तोंडात ठेवणं अवघड असतंय.

मी त्यांना विचारलं, असं कुणाचंही बघायला तुम्हाला परवानगी लागत नाही का? त्यांचं म्हणणं असं, की जे रस्त्यावरच्या माणसाला दिसतं तेवढं आम्ही बघतो, त्याला लागत नाही. पण ज्याला कुलूप आहे, म्हणजे कुणाचे खाजगी मेसेज, कुणाच्या नावावर सिम, कुणाच्या खात्यात किती पैसे, तिथं आमचं उघडं शोधणं संपतं आणि कागद सुरू होतो. बँकेला, मोबाइल कंपनीला, प्लॅटफॉर्मला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागावं लागतं. उघड्या माहितीने एवढंच कळतं की कुणाला काय विचारायचं. कुठल्या तारखेचं, कुठल्या आयडीचं, कुठल्या खात्याचं. नुसतं 'चोर शोधून द्या' असं कुणाला विचारता येत नाही.

फिर्याद आमची नोंदवली गेली, भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) फसवणुकीचं, ज्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ३१९(२) तोतयेगिरीचं आणि आयटी ॲक्टचं ६६ डी. आयटी ॲक्टच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, त्यामुळं तपास अधिकारी म्हणून पीआय साहेबांचं नाव, बसून काम मॅडम आणि हवालदारांचं.

कागदाचा टप्पा मात्र रटाळ होता आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे, पोलिसांबद्दल नाही, उत्तर देणाऱ्यांबद्दल. एका बँकेने खात्याची माहिती लगेच दिली, दुसरीने स्मरणपत्रावर स्मरणपत्र घ्यायला लावलं. साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिचा पत्ता परदेशातला, तिच्याकडनं साइट बंद व्हायला वेळ गेला. लॉगिनचे आयपी पत्ते, म्हणजे कुठल्या इंटरनेट जोडणीवरनं लॉगिन झालं ते सांगणारे नंबर, आले त्यातही एक बारकावा होता. त्यातल्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे नसतात, साडेपाच तास मिळवावे लागतात. आणि मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एकाच वेळी कितीतरी लोक वापरत असतात, त्यामुळं वेळ सेकंदापर्यंत आणि पोर्ट नंबर, म्हणजे त्या सगळ्यांतलं नेमकं कनेक्शन वेगळं ओळखायचा आकडा, बरोबर दिला नाही तर मोबाइल कंपनी भलत्याच माणसाचं नाव देऊ शकते. हवालदार ही वेळेची बेरीज दोनदा करायचे आणि दुसऱ्याकडनं तपासून घ्यायचे.

खातं ज्याच्या नावावर निघालं तो कॉलेजात जाणारा पोरगा. यूपीआयवर पैसे पाठवताना जे नाव दिसतं ते त्याचंच. त्याने काही हजार रुपयांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कुणाला तरी वापरायला दिलेलं. असली भाड्याची खाती हाच ह्या सगळ्या धंद्याचा पाया आहे असं मॅडम म्हणल्या, आणि पहिल्यांदा अटक होते ती अशाच पोरांना. आमच्या लोकांना नाव कळलं असतं तर त्यांच्या लेखी तोच मुख्य चोर. पण त्या पोराच्या खात्यातनं पुढं ज्या खात्यात पैसे गेले, त्या खात्याला जोडलेल्या सिमच्या अर्जावरचा पत्ता आणि फोटोतली ती गल्ली एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर निघाली. तेव्हा पथक गेलं. तिथल्या गाळ्यातनं दोन लॅपटॉप, सिमकार्डं आणि चपलांची रिकामी खोकी आणली. चप्पल एकही नव्हती.

कागद कोर्टात टिकायचा तर त्यालाही एक प्रमाणपत्र लागतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जे आधी ६५ ब होतं. आमच्या फोनमधल्या मूळ फोटोंसाठी मलाही ते सही करून द्यावं लागलं, फोन कुठला, तो चालू स्थितीत होता का, फाइलचा हॅश काय. ह्याला एवढं महत्त्व का, तर जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरनं खोतकर आणि गोरंट्याल ह्यांचा जो खटला सुप्रीम कोर्टात गेला त्यात २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. त्यात उमेदवारी अर्ज भरतानाच्या व्हिडिओचा प्रश्न होता. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका निवडणुकीच्या व्हिडिओवरनं आज माझ्या चपलांच्या फोटोला कागद लागतोय, हे मला मॅडमनी समजावून सांगितलं तेव्हा त्या सगळ्या रटाळ कागदांकडं बघायची माझी नजर बदलली.

आता कुठवर आलंय ते सांगते. चपलेची आणि पैठणीची साइट बंद आहे. चांदीच्या साइटवर फसलेल्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहेत, त्यांना इथल्या पिक्सेलच्या नंबराची माहिती कळवलेली आहे. ठाण्याच्या मुलाची होल्डवरची रक्कम कोर्टाच्या आदेशाने त्याच्या खात्यात परत आली, त्याने आण्णांना फोन करून सांगितलं आणि आमच्याकडनं चप्पल मागवली, आठ नंबर, कानवाली. नाशिकच्या बाईंचा अर्ज कोर्टात आहे. पुण्याच्या दोघींना काही मिळेल असं वाटत नाही, त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी काढून घेतलेले आहेत. गाळा ज्याचा होता तो सापडला, साइट बनवणारा अजून नाही, दोषारोपपत्र व्हायचंय. मागच्या आठवड्यात परत आमच्या नावाचं एक नवीन पेज आलं, लोगोचा रंग बदललेला. मी आयडी, लिंक, तारीख, चालू जाहिराती सगळं रेकॉर्ड करून हवालदारांना पाठवलं, त्यांचं "मिळालं, आता रिपोर्ट करा" असं उत्तर आलं तेव्हा चप्पल लाइनच्या ग्रुपवर टाकलं, आणि त्या रात्रीतच ते पेज गेलं.